चिमणीची फाईल

चिमणीनं शेपटी मारली आणि माझा फोन आंबोणाच्या बादलीत पडला. सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा आणि कोमट पाणी यांचा तो लगदा. फोन सरळ तळाला गेला. मी हात घालून चाचपेपर्यंत चिमणीनंही तोंड घातलं. थोडा वेळ माझा हात आणि तिची जीभ एकाच वस्तूसाठी झटत होती. शेवटी फोन माझ्या हाताला लागला, पण तो मेलेला होता. बटणांच्या फटींतून पेंड बाहेर येत होती.

चिमणी म्हणजे आमची म्हैस. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून माझ्या बायकोनं, कल्लव्वानं, तिला चिमणी म्हटलं. पुढं ती गोठ्याच्या दारातून आडवी मावेना, पण नाव तेच राहिलं.

त्या वेताचं तिचं रेडकू आठव्या दिवशी गेलं होतं. रेडकू गेलेली म्हैस सहजासहजी पान्हा सोडत नाही. कोणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करतात, कोणी पान्ह्याची सुई टोचतात. कल्लव्वानं यातलं काहीच केलं नाही. ती बादली घेऊन बसायची, चिमणीच्या कुशीला कपाळ टेकायची आणि हळू आवाजात बोलत राहायची. ते बोलणं सुरू झालं की चिमणी अंग सैल सोडायची. सकाळी चार लिटर, संध्याकाळी चार लिटर.

कल्लव्वा तिच्याशी काय बोलते, हे मला माहीत नव्हतं. धारेच्या वेळी मला गोठ्यात यायला बंदी होती. "तुमी आलासा की ती दूध चोरती," असं ती म्हणायची. म्हशीनं दूध चोरणं म्हणजे सडात उतरलेलं दूध वर ओढून धरणं. मी दाराबाहेरून जाताना खोकलो, तरी चिमणी दूध चोरते असा माझ्यावर आरोप होता.

अशात आमच्या लेकीचं, शैलाचं, दुसरं बाळंतपण आलं. ती चाकणला असते. तिला सासू नाही, जावई कारखान्यात, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की रक्तदाब वाढलाय, माणूस जवळ पाहिजे. कल्लव्वानं पिशवी भरली.

"जमंल न्हवं?" जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं.

"अगं, त्यात काय हाय? मी काय परका हाय तिला?"

"परकंच की. कवा बोललायसा तिच्यासंगं?"

"म्हशीसंगं काय बोलायचं?"

"बघा, म्हणूनच म्हणती." पिशवीची गाठ मारत ती पुढं म्हणाली, "सुई लावायची न्हाई. सुई लावलासा तर मला तोंड दावू नका. आणि न्हाईच जमलं तर सांगा, मी मधीच येती."

हे 'मधीच येती' मला नको होतं. म्हैस आटली तर पुन्हा विते. शैलाला त्या अवस्थेत एकटं टाकून ही म्हशीसाठी आली आणि तिकडं काही बरंवाईट झालं, तर ते कशानं भरून निघणार?

म्हणून मी वैजयंताला गाठलं. ही आमच्या दूध संस्थेत दुधाची फॅट मोजायच्या यंत्रावर बसायची, संगणकही तिच्याच ताब्यात. मला अक्षरं शिकवली ती हिनंच. साक्षरतेच्या वर्गात ती अठराची आणि मी बावन्नचा. मराठी झाल्यावर मी हट्टानं इंग्रजी अक्षरंही तिच्याकडून घोटून घेतली. वाक्यं येत नव्हती, पण अक्षर दिसलं की नाव सांगायचो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, काकूंचा आवाजच ठेवून घ्या की."

कल्लव्वाच्या जायच्या दिवशी पहाटे वैजयंतानं माझा फोन आवाज टिपायला लावला आणि गोठ्याच्या कोनाड्यात पोत्याखाली ठेवला. कल्लव्वाला आम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती फोनसमोर आरतीच म्हणत बसली असती. धार झाली, कल्लव्वा एसटीत बसली, आणि त्याच संध्याकाळी मी फोन चिमणीच्या कानापाशी धरला. बटण दाबणार एवढ्यात तिनं शेपटी मारली. पुढचं सांगितलंच.

त्या संध्याकाळी चिमणीनं मला तांब्याभर दूध दिलं. तेही उपकार केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी वैजयंतानं फोन उघडला आणि आतलं नखाएवढं कार्ड काढून पुसलं. "फोन गेला, पण ह्यात सगळं शाबूत असणार. कार्ड लावायचा एखादा डबा आणा. गाणी वाजवायचा." एवढं सांगून ती दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला निघून गेली.

तो रविवार होता, गडहिंग्लजचा बाजार. मी साबणाच्या दोन वड्यांएवढा डबा निवडला. एका बाजूला कर्णा, एका बाजूला बोटभर पडदा, खाली कार्ड घालायची चीर.

"ह्यात काय काय चालतं?" मी दुकानदाराला विचारलं.

"सगळं चालतं, अण्णा."

"म्हशीपुढं चालंल?"

"म्हशीपुढं, बैलापुढं, बायकोपुढं. कुठंबी न्या."

संध्याकाळी गोठ्यात मी कार्ड आत सारलं. डबा लागला. पण कल्लव्वाऐवजी एक बाई ढोलकीवर कडाडली. कार्डात पुतण्यानं कधीतरी भरलेली गाणी होती. चिमणीनं बादली उडवली. मी बटण दाबलं, दुसरं गाणं. पुन्हा दाबलं, तिसरं. कार्डात एकवीस गाणी निघाली आणि कल्लव्वा कुठंच नव्हती. त्या गोंधळात चिमणीनं दूध असं चोरलं की सडाला हात लावला तर वाळलेल्या दोडक्याला लावल्यासारखं वाटावं.

डब्याबरोबर एक घडीचं पुस्तक आलं होतं. मी चष्मा लावून ते उंबऱ्यावर उलगडलं. इंग्रजी होतं. पण एका चित्राशेजारी अक्षरांचे तीन गट ठळक छापले होते, आणि प्रत्येकाच्या आधी एक टिंब: एम पी थ्री, डब्ल्यू एम ए, डब्ल्यू ए व्ही. अशी टिंबं मी वैजयंताच्या संगणकावर पाहिली होती. प्रत्येक फाईलच्या नावामागं ती असतात.

सकाळी संस्थेत वैजयंताच्या खुर्चीवर तम्माण्णा बसला होता. हा माझा शेजारी. याला यंत्र चालवता येत नव्हतं, पण राखता येत होतं. मी कार्ड पुढं केलं. दोघांनी मिळून ते संगणकाच्या चार भोकांत घालून पाहिलं, पाचव्यात बसलं. पडद्यावर यादी आली. एकवीस गाण्यांच्या मागं एम पी थ्री. बाविसाव्याच्या मागं ए एम आर.

"सापडली!" मी ओरडलो.

"कोण?"

"कल्लव्वा. हिच्या मागं बघ काय लिहिलंय. आणि डबा कुणाला आत घेतो, ते ह्या पुस्तकात छापलंय. ही त्यात न्हाई."

तम्माण्णानं यादीकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं. मग त्याच्या तोंडावर उजेड पडला. "म्हणजे कानातला बिल्ला!"

आम्हा दोघांनाही एकदमच ते पटलं. विम्याच्या म्हशीला कानात बिल्ला मारतात. बाजाराच्या फाटकावरचा माणूस म्हैस बघत नाही, बिल्ला बघतो. नंबर जुळला की आत, नाही जुळला की बाहेर.

"मग बिल्ला बदल," तम्माण्णा म्हणाला.

मी एका बोटानं ए एम आर पुसलं आणि एम पी थ्री लिहिलं. दहा मिनिटं लागली. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर एक चौकोन आला. आत दोन ओळी इंग्रजी आणि खाली दोन बटणं.

"काय म्हणतंय?" तम्माण्णानं विचारलं.

"इचारतंय, व्हय का न्हाई."

"मग व्हय म्हण. न्हाई म्हणाय आलोय का आपुन हितं?"

मी व्हय म्हटलं. यादीत आता बावीसच्या बावीस एम पी थ्री. चाळीस वर्षं अंगठा मारलेल्या माणसानं यंत्राला फसवलं होतं. मी घरी येईपर्यंत वाटेत तिघांना ते सांगितलं.

संध्याकाळी डब्याच्या पडद्यावर बाविसाव्या फाईलचं नाव आलं. मी डब्याला कान लावला. चिमणीनंही कान टवकारले. डबा अर्धा क्षण थांबला आणि ढोलकीवाली पुन्हा कडाडली. मी मागं गेलो, नाव आलं, ढोलकी. पुन्हा मागं, पुन्हा ढोलकी. असं अकरा वेळा झालं. डबा कल्लव्वाला दारातून आत घेत होता आणि मागच्या दारानं बाहेर काढत होता. त्या वेळी मला एक लिटरही दूध मिळालं नाही.

तेवढ्यात तम्माण्णा त्याचा फोन घेऊन आला. "वहिनी हायत."

"चिमणी कशी हाय?" कल्लव्वानं आधी हेच विचारलं.

"मजेत."

"किती देती?"

"चार."

मग ती म्हणाली, "चार म्हणताना तुमचा आवाज बारीक झाला. खरं किती?"

"अगं, चारच…"

"मी परवाच्या गाडीनं येती."

"शैला?"

"शैलाला परवाच दवाखान्यात घ्यायचं म्हणत्यात. जावई बघतील. त्यास्नी मी सांगती." हे म्हणताना तिचाही आवाज बारीक झाला होता.

"एक दिस थांब," मी म्हटलं. "उद्या सांजंला फोन कर. तवा जे सांगीन ते खरं. मग ठरीव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमणीला तशीच ठेवून मी आधी संस्थेत गेलो. वैजयंता परत आली होती. दूध घालायची वेळ, रांग दारापर्यंत. हातात रिकामी बादली नाही, किटली नाही, नुसता डबा घेऊन मी पुढं घुसलो.

"अण्णा, रांगेत या की," मागून कोणीतरी ओरडलं.

"सोड त्याला," तम्माण्णा रांगेतून म्हणाला. "त्याची बायकू डब्यात अडकलीया."

वैजयंतानं यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ह्याचं नाव कुणी बदललं?"

"मी," मी म्हटलं. काल आलेला ताठा अजून थोडा शिल्लक होता.

"अण्णा, तुम्ही बिल्ला बदललात. म्हैस तीच राहिली." ती हसली नाही, शिकवतानाच्या आवाजात बोलली. "फोन आवाजाची एक तऱ्हेची घडी घालून ठेवतो. हा डबा तसली घडी उलगडत नाही, त्याला दुसऱ्या तीन तऱ्हा येतात. वर नाव कुठलंही लिहा. आतली घडी मोडून नव्यानं घालायला पाहिजे."

"आणि दुकानदार म्हणाला सगळं चालतंय."

"त्यानं पुस्तक वाचलं नसंल. तुम्ही निदान वाचलंत."

तिनं जुनं नाव परत दिलं, संगणकात काहीतरी उघडलं आणि फाईल त्यात सोडली. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकू लागली. वैजयंता रांगेतल्या एकेकाचं दूध मोजत होती आणि मी पट्टीकडं बघत होतो. पट्टी भरली.

"बघूया हं," म्हणून तिनं एक बटण दाबलं.

संस्थेच्या संगणकाला सकाळी भजनं लावायचे दोन मोठे कर्णे जोडलेले होते, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. किंवा राहिलं असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

"सरक," कल्लव्वा कर्ण्यातून म्हणाली. "सरक की गं. हां, आता ऐक."

रांगेतल्या साऱ्या माना कर्ण्यांकडं वळल्या.

"काल सकाळधरनं त्यानं तीन डाव चष्मा हुडकला. डोसक्यावरच हुता. मी सांगितलं न्हाई. म्हटलं, हुडकू दे, तेवढंच काम करतोय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. माणसांत कल्लव्वा मला 'अवो' म्हणायची, माझ्याबद्दल बोलताना 'ह्ये' म्हणायची. चिमणीपाशी मी 'त्यो' होतो, हे मला त्या दिवशी कळलं. साऱ्या गावालाही.

"वाचाय शिकलाय तवापासनं घरात सुख न्हाई बघ. बिस्किटाचा पुडा आणला तर आधी वाचतोय, मग फोडतोय. तवर च्या गार. परवा तुझ्या औषधाची बाटली वाचली आणि म्हणतोय, कल्लव्वा, मलाबी ह्योच रोग झालाय. चिमणे, ते कासंच्या सुजंचं औषध हुतं!"

रांगेचं काय झालं ते सांगत नाही. एकाची किटली कलंडली. तम्माण्णा भिंतीला धरून खाली बसला.

"बंद कर," मी वैजयंताला म्हटलं.

"शेवटपर्यंत चालते का बघायला पाहिजे, अण्णा. मध्येच तुटली तर?"

ती खाली मान घालून यंत्रात दूध ओतत होती. कर्ण्यातून धारेचा आवाज येत होता. चुर्र, चुर्र. मग कल्लव्वा पुन्हा बोलली, जरा हळू.

"पर चिमणे, एक सांगती. संस्थेत अंगठा मारताना त्यो मान खाली घालायचा. मी मागं हुबी असायची, मला ती मान दिसायची. लगीन झाल्यापासनं बघितली मी ती. आता सही करतोय. आताबी मान खालीच घालतोय, पर ते अक्षर नीट येतंय का बघायला. जीभ भाईर काढून."

वैजयंतानं दूध ओतायचं थांबवलं.

"वर्गात शिकला तवा माझं नाव लिहून आणलं हुतं. मी म्हटलं, उगंच कागुद नासला. तोंड एवढंसं झालं त्याचं. इचारलं तर म्हटलं, चुलीत घातला. चुलीत कशाला घालीन गं? हितंच हाय न्हवं, तुझ्या डोसक्यावर, तुळईच्या फटीत. त्याला सांगू नगंस. सांगितलं तर रोज एक कागुद आणंल."

पुढं नुसत्या धारा. बराच वेळ धारा, मग बादली उचलल्याचा आवाज, आणि फाईल संपली.

तम्माण्णा उठला. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि रांगेकडं वळून म्हणाला, "हितं कुणी काय ऐकलंय काय रं?"

"न्हाई," रांग म्हणाली.

"वहिनी आल्यावर कुणाच्या तोंडातनं बिस्किटाचा पुडा निघाला तर बघा." मग माझ्याकडं वळून, "तू हितं काय करतोस? म्हस थांबलीया तुझी."

वैजयंतानं डब्यात कार्ड घालून दिलं. मी धावतच घरी आलो.

डबा मी गव्हाणीच्या कडेला, शेपटीपासून लांब ठेवला. "सरक," कल्लव्वा म्हणाली, आणि चिमणी सरकली. मी कुशीला कपाळ टेकलं. चष्म्याच्या गोष्टीपाशी चिमणीनं उसासा टाकला. औषधाच्या बाटलीपाशी पाय सैल सोडले. मानेची गोष्ट आली तेव्हा दूध उतरलं, आणि माझे हात भरून गेले. मी मोजलं नाही, किटलीनंच सांगितलं. चार लिटर आणि वर थोडं.

धार काढल्यावर मी बादली पालथी घालून तिच्यावर चढलो आणि तुळईच्या फटीत बोटं घातली. पेंडीच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वहीचा कागद. वाकडीतिकडी एक ओळ: कल्लव्वा. 'ल्ल' लिहिताना पेन्सिल कागदातून आरपार गेली होती, ते भोकही तसंच होतं.

मी कागद बराच वेळ हातात धरला. मग खिशातली पेन्सिल काढली, चिमणीच्या पाठीवर कागद टेकवला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. कागद पुन्हा गुंडाळून होता तिथं ठेवला.

तेवढ्यात तम्माण्णा फोन घेऊन आला.

"किती?" कल्लव्वानं विचारलं.

"चार. वर थोडं."

ती जरा वेळ माझ्या आवाजाकडं कान लावून असावी. "बरं," ती म्हणाली. "मग ऱ्हाती मी."

दुसऱ्या दिवशी शैलाला मुलगी झाली. त्या रात्री शैलाला रक्तदाबामुळं झटका आला होता, आणि कल्लव्वा जवळ होती म्हणून नर्सला वेळेत हाक गेली, हे जावयानं मला पुढं सांगितलं.

सव्वा महिन्यानं कल्लव्वा आली. पिशवी ओट्यावर टाकली, माझ्याकडं नीट पाहिलंही नाही आणि बादली घेऊन गोठ्याकडं निघाली. धारेची वेळ होती. मी सवयीनं दाराबाहेर थांबलो. डबा खिशात होता, बंद करून.

आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ना धार, ना बोलणं. मग बादली पालथी घातल्याचा आवाज आला. मग प्लास्टिक कुरकुरलं.

"चिमणे," कल्लव्वा म्हणाली. या वेळी ती हळू बोलली नाही. दारापर्यंत नीट पोचेल एवढ्या मोठ्यानं बोलली. "ह्या कागदावर एकच ओळ हुती. मला वाचाय येत न्हाई, पर एक आणि दोन कळतंय. ही दुसरी तू लिहिलीस व्हय गं?"

चिमणीनं शेपटी हलवली. मी खिशातली पेन्सिल चाचपली.

जरा वेळानं बादली सुलटी झाली आणि धार वाजू लागली. मी दारातच उभा होतो, एकदा खोकलोही, तरी चिमणीनं दूध चोरलं नाही.